अण्णांची खानेसुमारी

त्या वर्षी आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. भांडण नव्हतं, कुणी अंथरुणाला खिळलेलं नव्हतं, तरी दारावर थाप पडली की आई हातातलं काम थांबवून आधी अण्णांकडे बघायची आणि मग दाराकडे. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, दिसेनासं झालं होतं. कॉटनपेटेतल्या एका कन्नड शाळेत ते मास्तर होते आणि शाळेत हे कळलं असतं तर नोकरी राहिली नसती. अण्णा, आई आणि मी, अशी तीनच माणसं ही गोष्ट जाणत होती. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

मला ते कळलं ते अवरेकाई सोलताना. थंडीत बेंगळुरात घरोघरी या वालाच्या शेंगांचे ढीग पडलेले असतात आणि त्यांचा तो ओला, तेलकट वास बोटांना दिवसभर चिकटून राहतो. आई त्यांची हुळी म्हणजे आंबट आमटी करायची, उप्पीट करायची, भिजवून साल काढलेल्या दाण्यांची पातळ उसळ करायची. त्या दिवसांत सकाळच्या न्याहारीपासूनचा स्वयंपाक म्हणजे अवरेकाईच. शाळेतून आल्यावर अण्णा सोप्यात पाय पसरून बसत आणि शेंगा सोलत. त्या दिवशी मीही त्यांच्यासमोर बसले होते. एका शेंगेतून जाडशी हिरवी अळी निघाली. अण्णांनी ती बोटांनी चाचपली, दाणा समजून वाडग्यात टाकली आणि पुढची शेंग उचलली. मी म्हणणार होते, अण्णा, अळी. तेवढ्यात आईनं चुलीजवळून माझ्याकडे पाहिलं. ती उठून आली, वाडगं उचललं, अळी काढून परसात टाकली आणि वाडगं पुन्हा अण्णांच्या गुडघ्याशी ठेवलं. हे ती बऱ्याच दिवसांपासून करत होती, हे मला तिच्या हालचालीवरूनच कळलं.

दवाखान्यात का जात नाही, असं मी आईला विचारलं तेव्हा तिनं आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांच्याही डोळ्यांवर असाच पडदा आला होता. पेठेत फिरत आलेल्या एका वैदूनं तो सुईनं खाली ढकलला. चार दिवस आजोबांना दिसलं, मग डोळे पिकले आणि नजर कायमची गेली. त्या वेळी आजोबांचे हात घट्ट धरून ठेवण्याचं काम अण्णांना दिलं होतं. अण्णा नऊ वर्षांचे होते. "त्यांच्यासमोर दवाखान्याचं नाव काढू नको," आई म्हणाली. "जेवणावरनं उठून जातात."

अशात शाळेत सरकारी कागद आला. खानेसुमारी होणार होती आणि माणसं मोजायचं काम नेहमीसारखं मास्तरांच्या गळ्यात पडलं होतं. आता सगळे जनगणना म्हणतात, पण आमच्या पेठेत मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे तेव्हा खानेसुमारीच म्हणत. अण्णांच्या वाट्याला आमचीच गल्ली आणि मागच्या दोन गल्ल्या आल्या. नाही म्हणायचं तर लेखी कारण द्यावं लागणार होतं, आणि त्यांच्याकडे कारण एकच होतं. त्यांनी सही करून कागद घेतला. हेडमास्तरांनी बोट टेकवलं तिथे सही केली, असं त्यांनी आईला सांगितलं. सांगताना ते हसले, पण आई हसली नाही.

दर माणसाची एक चिठ्ठी भरायची होती. नाव, वय, लग्न झालंय की नाही, जन्म कुठला, धर्म, शिक्षण, धंदा, मातृभाषा, आणखी कुठली भाषा येते. अण्णांनी माझ्याकडून सूचनांचं पुस्तक दोनदा वाचून घेतलं आणि त्यांना ते पाठ झालं. त्यात एक कलम असं होतं की चिठ्ठीत लिहिलेलं कुणाला सांगायचं नाही, दाखवायचं नाही, तो गुन्हा आहे. तिथे मी थांबले.

"मग मला कसं चालेल?" मी विचारलं.

"नाही चालत," अण्णा म्हणाले. पुस्तक चाचपून मिटत ते म्हणाले, "तू लिहिलंस तर आपण दोघंही चुकतो, यमू. नाही लिहिलंस तर मी एकटा पकडला जातो. तू सांग."

तेरा वर्षांच्या मुलीला असं विचारू नये. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि त्यांना सगळं माफ करून झालंय, पण हा प्रश्न अजून बोचतो. मी लिहीन म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

आमची पद्धत अशी ठरली. संध्याकाळी शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी सकाळी अण्णा घरोघर जायचे. मी पिशवी धरून बरोबर. अण्णा प्रश्न विचारायचे आणि एका वहीत पेन्सिलीनं काहीतरी रेघोट्या ओढायचे. लोकांना वाटायचं, मेष्ट्रे कच्चं लिहून घेतात. कन्नडमध्ये मास्तरांना मेष्ट्रे म्हणतात आणि पेठेत अण्णांना दुसरं नाव नव्हतं. खरं म्हणजे वहीत काहीच नसायचं. सगळं त्यांच्या डोक्यात. घरी आलं की मागचं दार उघडून उजेडात मी बसायची, ते डोळे मिटून सांगायचे आणि मी चिठ्ठ्या भरायची. तेही अण्णांच्या अक्षरात. त्यासाठी मी त्यांच्या जुन्या वह्या घेऊन आठवडाभर सराव केला होता. त्यांच्या कन्नड अक्षरांच्या शेपट्या वर वळायच्या, माझ्या खाली. मी माझ्या शेपट्या वर वळवल्या. लिहून झालं की बोटांवरची शाई चिंच लावून घासून काढायची. शाळेत माझ्या शेजारच्या मुलीनं एकदा विचारलं, तुझ्या बोटांना सारखा चिंचेचा वास का येतो. मला त्या दिवशी डबा खाववला नाही.

एका बाजूला दुमडलेली टोपी घातलेला पोलीस गल्लीत दिसला की मी दाराआड व्हायची. हातमागांचा खटकखटक आवाज आमच्या गल्लीत दिवसभर चालायचा, त्यात एखादा माग मधेच थांबला तरी मला वाटायचं, कुणीतरी आलंय, म्हणून थांबला. गिरणीचा भोंगा झाला की दचकायची. आई म्हणायची, स्वल्प खाऊन घे गं, आणि मी ताटातली हुळी बोटांनी इकडून तिकडे करायची.

पण त्याच भीतीत मी आमची गल्ली पहिल्यांदा पाहिली. तोवर मला वाटायचं, आम्ही मराठी, बाकीचे कन्नड. अण्णांबरोबर उंबरे चढले तेव्हा कळलं की एका भिंतीला भिंत लागून पाच-सहा भाषा राहतात. कोपऱ्यावर तेलुगू बोलणारे विणकर होते. त्यांच्या पलीकडे सौराष्ट्री बोलणारे रेशीमवाले, ते सांगायचे की ही भाषा गुजरातची, पण गुजरात त्यांच्यातल्या कुणीही पाहिला नव्हता. टांगा हाकणाऱ्यांच्या तीन घरांत दखनी होती, तिच्यात मला निम्मे शब्द आपले वाटले. मागच्या गल्लीत भाजी पिकवणारी तमिळ माणसं. आणि मधेमधे आम्ही, तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आलेल्यांची पोरं, अण्णा-अक्का म्हणणारी, हिशेब कन्नडमध्ये आणि देवाचं मराठीत करणारी. आता मी बेंगळुरातच, सर्जापूर रोडवर मुलाकडे राहते. लिफ्टमध्ये बाराव्या मजल्यापर्यंत जाताना तितक्याच भाषा कानांवर पडतात, पण कोण कुठला हे मी कुणाला विचारू शकत नाही. अण्णांना ते विचारायचा सरकारी हक्क होता, आणि लोक त्या प्रश्नाला घाबरत होते.

थोड्याच वर्षांपूर्वी भाषेवरून राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या होत्या. पेठेत कुणीतरी उठवलं होतं की ज्याची भाषा कन्नड नाही त्याला आपल्या मुलखात पाठवणार आहेत, म्हणून ही मोजणी. आमच्या शेजारच्या रंगूबाई शिंपीण, विधवा, एकट्या, मशीनवर पोलकी शिवायच्या. अण्णांनी मातृभाषा विचारताच त्यांनी पायाखालची पट्टी थांबवली.

"कन्नड लिहा, मेष्ट्रे," त्या मराठीत म्हणाल्या. "उद्या म्हणतील, जा तुझ्या मुलखात. कुठला मुलूख माझा? मी यशवंतपूरच्या पलीकडं गेलेली नाही."

"तुम्ही सांगाल तेच लिहीन," अण्णा म्हणाले. "पण तुमची आई तुम्हाला कुठल्या भाषेत रागवायची?"

रंगूबाईंनी सुईखालचं पोलकं सरळ केलं. "मराठीत," त्या म्हणाल्या. "कन्नडमध्ये तिला रागवता येत नव्हतं."

"मग मराठी लिहू? खाली दुसऱ्या भाषेला जागा आहे. तिथं कन्नड."

"दोन्ही लिहिता येतं?"

"येतं."

"सरी, ठीक," त्या म्हणाल्या आणि पट्टी पुन्हा चालू केली. पण आम्ही बाहेर पडताना त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "पाठवणार नाहीत ना गं?" मला माहीत नव्हतं. मी 'नाही' अशी मान हलवली.

मागच्या गल्लीत मुनियम्मा म्हणून बाई होती. नवरा भाजीची गाडी ढकलायचा. तिची तीन मुलं लहानपणीच गेली होती आणि तिची खात्री होती की मोजलेलं मूल टिकत नाही. ती दारात आडवी उभी राहिली. अण्णांना मोडकंतोडकं तमिळ यायचं. ते तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, "मी मोजत नाही. मला आकडा सांगूच नको. नुसती नावं सांग." तिनं खूप विचार करून दोन नावं सांगितली, एक मुलगा, एक मुलगी. अण्णांनी आभार मानले. येताना ते खुशीत होते. मला मात्र वाटलं होतं की आत, पडद्यामागे, काहीतरी हललं. मी ते बोलले नाही.

चिठ्ठ्या भरत आल्या होत्या तेव्हा एका रविवारी सकाळी तपासणीस आला. अण्णांच्या कामावर देखरेख करणारा हा हिरेमठ नावाचा तरुण कारकून होता, विजारीला सायकलची क्लिप, केस चापून बसवलेले. कन्नडमध्ये बोलत होता. सोप्यातल्या बाकावर बसून त्यानं चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागितला. मी तो आणून दिला आणि अण्णांच्या मागे उभी राहिले. आई आतल्या दारात.

"अक्षर फार सुंदर आहे, मेष्ट्रे," तो म्हणाला. दहा-बारा चिठ्ठ्या त्यानं उलटून पाहिल्या. मग एक पुढे केली. "हे वय कळत नाही मला. स्वल्प वाचून दाखवा."

अण्णांनी चिठ्ठी घेतली आणि डोळ्यांसमोर धरली. ती उलटी होती. हिरेमठ खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होता. मी मराठीत, अगदी घरातलं काही सांगावं तशा आवाजात म्हणाले, "अण्णा, उलटं आहे. रंगूबाईंची."

अण्णांनी चिठ्ठी फिरवली आणि रंगूबाईंचं नाव, वय, वैधव्य, जन्मगाव, शिवणकाम, सगळं संथपणे म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकलं नाही. हिरेमठनं मान डोलावली आणि दुसरी चिठ्ठी दिली. मी पुन्हा मराठीत सांगितलं, "टांगेवाले, मधलं घर, थोरला मुलगा." अण्णांनी तीही म्हटली. मला वाटलं, सुटलो. त्याला मराठी येत नाही, आपण सुटलो.

हिरेमठनं तिसरी चिठ्ठी हातात घेतली आणि माझ्याकडे पाहून, कन्नडमध्ये लहान पोरांना म्हणतात तसं म्हणाला, "पापा, प्यायला थोडं पाणी आण."

मी आत गेले. आई चुलीपाशी दोन्ही हात पोटाशी धरून उभी होती. मी घागरीतून पाणी घेताना तांब्या घागरीवर आपटला. बाहेर काही ऐकू येत नव्हतं. माग थांबलेले, रविवार होता. मग अण्णांचा आवाज आला, शाळेत असतो तसा स्पष्ट. "साहेब, मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. चिठ्ठ्या माझ्या मुलीनं लिहिल्या आहेत. मी सांगितलं म्हणून लिहिल्या. गुन्हा माझा आहे, तिचा नाही."

आईनं माझ्या हातातला तांब्या घेतला आणि खाली ठेवला. मग पुन्हा उचलून माझ्या हातात दिला. "जा," ती म्हणाली.

मी बाहेर आले तेव्हा हिरेमठ बोलत होता आणि तो मराठी बोलत होता. सीमेकडची, जराशी रांगडी मराठी. "मी निपाणीच्या बाजूचा आहे ओ, मास्तर. घरात आमच्या कन्नडच, पण शाळा मराठी. पोरगी काय सांगायली होती ते पहिल्यापासून कळलं की मला." तो रागावला नव्हता, पण हसतही नव्हता. मी पाणी दिलं. त्यानं ते एका दमात प्यायलं आणि विचारलं, "किती घरं चुकली असतील?"

"एकही नाही," अण्णा म्हणाले.

"ते बघू की."

तो दिवसभर आम्हाला घेऊन फिरला. अण्णा पुढे, तो मागे गठ्ठा घेऊन, त्याच्या मागे मी. प्रत्येक घरात तो सगळ्यांना बाहेर बोलवायचा आणि चिठ्ठीशी ताडून पाहायचा. मला वाटायचं, एक जरी चूक निघाली तरी इथूनच आपल्याला पोलिसांत नेतील. विणकरांची घरं बरोबर निघाली, टांगेवाल्यांची बरोबर निघाली. उन्हं तापली तसा हिरेमठचा चेहरा सैल होत गेला. एका दारात तो मला म्हणाला, "एवढं तुझ्या वडिलांच्या डोक्यात मावतं?"

मुनियम्माच्या घरी मात्र आम्ही उभे असतानाच पडद्यामागून मूल रडलं. दीड-दोन महिन्यांचं असेल. हिरेमठनं गठ्ठ्यातल्या चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या. मुलं दोनच होती. मुनियम्मा भिंतीला टेकून खाली बसली. "मेष्ट्रे म्हणाले, नावं सांग," ती म्हणाली. "हिचं नाव ठेवलेलं नाही. तीन गेली, म्हणून ठेवलं नाही. नसलेलं नाव कसं सांगू?"

अण्णा आवाजाच्या दिशेनं वळून उभे होते. "तिची चूक नाही," ते म्हणाले. "मी विचारलंच चुकीचं."

हिरेमठनं गठ्ठा पायरीवर ठेवला. मग त्यानं पिशवीतून कोरी चिठ्ठी काढली, खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि दोन्ही माझ्यापुढे धरली. "लिही," तो मराठीत म्हणाला. "नाव नसेल तर नियमानं नुसतं 'मूल' लिहायचं. मुलगी. वय शून्य."

सगळ्यांसमोर, उजेडात, सरकारी माणसाच्या पेनानं मी पायरीवर बसून लिहिलं. मातृभाषेच्या ओळीपाशी मी वर पाहिलं. त्या पोरीनं अजून एक शब्द उच्चारला नव्हता. "आईची तीच तिची," अण्णा म्हणाले. मी तमिळ लिहिलं. त्या घाईत माझ्या शेपट्या खाली वळल्या होत्या, पण हिरेमठनं तशीच सही केली. ती मुलगी जगली. तिची सून के. आर. पुरमला शिकवण्या घेते. हे मला फार उशिरा, बाजारात, मुनियम्माच्या मुलाकडून कळलं.

गल्लीच्या तोंडाशी हिरेमठ सायकलवर बसायच्या आधी थांबला. "चिठ्ठ्या मी पाठवतो, मास्तर. त्यात खोट नाही. पण उद्या तुम्ही स्वतः हेडमास्तरांना सांगायचं आणि डोळ्यांच्या सरकारी दवाखान्यात जायचं. तुम्ही सांगितलं नाही तर मला लिहावं लागेल. वर्गात चाळीस पोरं असतात ओ."

अण्णांनी हेडमास्तरांना सांगितलं. ते मला वाटलं होतं तितकं कठीण गेलं नाही. हेडमास्तरांनी रजा लिहून घेतली आणि परत येईपर्यंत जागा ठेवतो म्हणाले. कठीण होता तो दवाखाना. जटक्यात, म्हणजे टांग्यात, बसताना अण्णा पायरीवर पाय ठेवून थांबले आणि त्यांना पुढचा पाय उचलता येईना. हिरेमठपुढे गुन्हा कबूल करताना ज्यांचा आवाज हलला नव्हता ते अण्णा थरथरत होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझी सगळी भीती त्या क्षणी उलटून मोठी झाली, कारण तोवर घाबरायचं काम मी करत होते आणि ते नव्हते. आई आधी चढून बसली. म्हणाली, "तुमचे हात मी धरीन. ज्यांचे तुम्ही धरलेत त्यांचं काय झालं, ते मला ठाऊक आहे. तरी धरीन." ते चढले.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, दोन्ही डोळे बांधून, त्यांना कितीतरी दिवस उताणं ठेवलं होतं. हलायचं नाही, खोकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. आई तांदळाची पातळ गंजी आणि लिंबाचं सारु नेऊन चमच्यानं भरवायची. मी शाळेतून तिथे जायची आणि पट्टीखालून काही ओघळत तर नाही ना, हे एकसारखी पाहत बसायची. पट्टी काढली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना काय विचारलं ते मला आठवत नाही. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती, एवढंच आठवतं. डोळा वाचला. डावा त्यांनी पुढे कधीच करू दिला नाही, एकावरच जन्म काढला. जाड भिंगांचा चष्मा आला, त्यात त्यांचा डोळा बशीएवढा दिसायचा.

ते शाळेत परत रुजू झाले त्या दिवशी मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. ते म्हणाले, जा आता, तुला उशीर होईल. मी गेले नाही. पटांगणाच्या कडेनं त्यांच्या वर्गाच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले. गेली दोन वर्षं ते हजेरी पाठ म्हणत असत, वही उघडी ठेवून, धडाधड, एकही नाव न चुकता, आणि पोरांना त्याचंच कौतुक होतं. आता वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मी भिंतीला हात टेकले. मग अण्णांनी पहिलं नाव घेतलं, अडखळत, अक्षराला अक्षर जोडत. दुसरं घेतलं. तिसरं चुकलं. वर्ग हसला. अण्णा थांबले, पुन्हा नीट पाहून त्यांनी ते नाव बरोबर वाचलं, आणि आतून एका पोरानं हजर म्हटलं.